हृदयात फुगा नेणारा डॉक्टर: आंद्रेआस ग्रुंट्झिग आणि अँजिओप्लास्टीनंतरच्या सुजेची गोष्ट

एरवी आपण इथे चिप, बॅटरी आणि कॅमेरा सेन्सर यांच्याबद्दल बोलतो. आजची टेक्नॉलॉजी मात्र खिशातली नाही, छातीतली आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला तरी स्टेंट बसवलेला असणारच. तो स्टेंट ज्याच्यामुळे शक्य झाला त्या माणसाची ही गोष्ट.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. आम्ही मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये राहतो. काही महिन्यांपूर्वी माझ्या काकांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, मनगटातून. चौथ्या दिवशी ते घरी आले. मनगटावर फक्त एक बारीकशी खूण. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे आणि फुलांचा पाऊस पडला. सगळ्यांचं मत एकच पडलं, की आता काम झालं.

तीन आठवड्यांनी काकांना रोज संध्याकाळी कणकण यायला लागली. छातीत टोचायचं. आडवं झालं किंवा खोल श्वास घेतला की जास्त, पुढे वाकून बसलं की कमी. काकूंना वाटलं, स्टेंट सरकला. काकांचा वेगळाच सिद्धांत होता. त्यांच्या मते गोळ्या उष्ण पडत होत्या, म्हणून चार दिवस त्या बंद करून बघायच्या. नशिबाने तसं काही करायच्या आत आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी, टूडी इको आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या. स्टेंट जागच्या जागी होता. पण रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू आहे हे सांगणारा आकडा, खूप वाढलेला होता. हृदयाभोवती जे पातळ आवरण असतं त्याला सूज आली होती. असं क्वचित होतं, पण होतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

माझ्या डोक्यातून एक प्रश्न जाईना. छिद्र तर टाचणीएवढं. कापाकापी नाही, टाके नाहीत. मग शरीर एवढं का चिडलं? उत्तर शोधायला गेलो आणि आंद्रेआस ग्रुंट्झिग भेटले.

आधी थोडी पार्श्वभूमी

हृदय हा पंप आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण या पंपालाही रक्त लागतं, आणि ते पुरवतात त्याच्याच अंगावरून जाणाऱ्या बारीक धमन्या. त्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. त्यांच्या भिंतीत चरबीचा थर साचला की वाट अरुंद होते. चालताना छाती भरून येते. वाट अचानक बंद झाली की हार्ट अटॅक.

शरीराबाहेरून बारीक नळी हृदयापर्यंत नेता येते हे पहिल्यांदा दाखवलं वर्नर फोर्समन या जर्मन डॉक्टरने, १९२९ साली. त्याने प्रयोग कुणावर केला? स्वतःवरच! हाताच्या शिरेतून नळी आत सरकवली, तशाच अवस्थेत एक्स-रे खोलीपर्यंत चालत गेला आणि फोटो काढून घेतला. तेव्हा त्याचं कौतुक झालं नाही. नोबेल मात्र मिळालं, १९५६ साली, दुसऱ्या दोघांबरोबर.

पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं. चार्ल्स डॉटर हे एक्स-रेचे डॉक्टर. जानेवारी १९६४ मध्ये त्यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक आजी आल्या. पायाची धमनी अरुंद झालेली, बोटं काळी पडलेली. पाय कापायला आजींनी साफ नकार दिला होता. डॉटर यांनी धमनीत आधी एक बारीक नळी घातली, मग तिच्यावरून जाड नळी, आणि वाट रुंद केली. पाय वाचला. आजी पुढे स्वतःच्या पायांवर चालत राहिल्या. अमेरिकेत डॉटर यांना फार कुणी विचारलं नाही. युरोपात मात्र काही डॉक्टरांनी हे तंत्र उचललं. त्यांच्याकडून ते शिकला एक तरुण डॉक्टर.

युद्धात हरवलेले वडील, तीन देशांतलं बालपण

आंद्रेआस ग्रुंट्झिग यांचा जन्म २५ जून १९३९ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातला. दोन महिन्यांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं. वडील विज्ञानाचे शिक्षक. ते युद्धात गेले आणि परत आले नाहीत. आईने आंद्रेआस आणि त्याचा भाऊ योहानेस यांना एकटीने वाढवलं. युद्धानंतर कुटुंब काही काळ अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सला जाऊन राहिलं. मग परत पूर्व जर्मनीत, लाइपझिगला. शाळेत पोरगा हुशार. शाळा संपल्यावर तो पश्चिम जर्मनीत निघून गेला आणि हायडेलबर्ग विद्यापीठातून १९६४ साली डॉक्टर झाला.

१९६९ मध्ये ते स्वित्झर्लंडला, झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात रुजू झाले. तिथे डॉटर यांची पद्धत ते पायांच्या धमन्यांवर वापरू लागले. पण तिची मर्यादा त्यांना पटकन कळली. नळीवरून नळी ढकलायची म्हणजे धमनीला आडवं रेटत पुढे जायचं. शिवाय वाट किती रुंद होणार? जेवढी नळी जाड, तेवढीच. आणि जाड नळी घालायची तर शरीरावरचं छिद्रही मोठंच लागणार.

मग त्यांच्या डोक्यात आलं, की जाताना बारीक असेल आणि पोचल्यावर जाड होईल असं काहीतरी हवं. म्हणजेच फुगा.

स्वयंपाकघरातली लॅब

ऐकायला सोपं वाटतं ना? पण इथे एक मस्त इंजिनिअरिंगची अडचण आहे.

साधा रबरी फुगा घ्या, मधोमध मुठीत घट्ट पकडा आणि फुगवा. काय होतं? मुठीत तो फुगतच नाही. दोन्ही बाजूंना फुगतो. कारण फुगा नेहमी जिथे विरोध कमी तिथे पसरतो. धमनीत असा फुगा नेला तर अरुंद भाग तसाच राहील आणि बाजूची चांगली भिंत फाटेल.

म्हणजे असा फुगा हवा, जो ठरलेल्या आकारापर्यंत फुगेल, त्यापुढे तसूभरही नाही, आणि तरी आतून जोर लावेल. ग्रुंट्झिग यांनी कंपन्यांकडे चौकशी केली, पण हवं ते मिळेना. तेव्हा एका निवृत्त रसायनतज्ज्ञाने, हाइनरिक होफ यांनी, त्यांना पीव्हीसी वापरून बघायला सुचवलं. हो, तोच पीव्हीसी, ज्याचे पाइप आपल्या बिल्डिंगमध्ये असतात. फक्त इथे अगदी पातळ नळीच्या रूपात.

मग घरच्या स्वयंपाकघरात काम सुरू झालं. दिवसा हॉस्पिटल, रात्री टेबलावर पातळ नळ्या, चाकू, गोंद आणि दोरा. मदतीला पत्नी मिखाएला, सहकारी मारिया श्लुम्फ आणि मारियाचे पती. नळी तापवायची, हवा भरून तिला लांबट फुग्याचा आकार द्यायचा, मग ती कॅथेटरच्या टोकाशी बांधायची. बहुतेक फुगे बिघडायचे. एखादा जमायचा.

फेब्रुवारी १९७४ मध्ये असा फुगा पहिल्यांदा माणसाच्या पायाच्या धमनीत वापरला गेला. नंतर त्यांनी कॅथेटरमध्येच दोन वेगळे मार्ग केले. एकातून फुगा फुगवायचा, दुसऱ्यातून रक्ताचा दाब मोजायचा आणि एक्स-रेत दिसणारा द्रव सोडायचा. एकाच केबलमध्ये चार्जिंग आणि डेटा दोन्ही, तसंच काहीसं. मग फुगा आणखी लहान केला, हृदयाच्या धमनीत मावेल एवढा. १९७५ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग झाले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी हे काम पोस्टरवर मांडलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या बहुतेकांना हे माणसात जमेल असं वाटलं नाही.

१६ सप्टेंबर १९७७

तो दिवस आला झुरिकमध्ये. रुग्ण चाळिशीही न गाठलेला एक माणूस. हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत एकच छोटासा अडथळा. दुसरा पर्याय होता बायपास, म्हणजे छातीचं हाड कापून ऑपरेशन. रुग्ण नव्या प्रयोगाला तयार झाला. काही बिघडलंच तर लगेच ऑपरेशन करता यावं म्हणून सर्जनची टीम तयार ठेवली होती. तिथले हृदयशल्यविभागाचे प्रमुख ओके सेनिंग यांनी या तरुण डॉक्टरला पाठबळ दिलं. शरीरात बसवायचा जगातला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये बसवणारे ते हेच सेनिंग.

रुग्ण पूर्ण जागा होता. मांडीच्या धमनीतून कॅथेटर वर गेला. फुगा अडथळ्यात बसला. फुगवला, उतरवला, परत फुगवला. अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा रक्तदाब जवळजवळ सारखा झाला, म्हणजेच वाट मोकळी झाली. खोलीत सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते याचं, की बाकी काहीच झालं नाही. ना हार्ट अटॅक, ना गोंधळ. दहा वर्षांनी त्या रुग्णाची पुन्हा अँजिओग्राफी झाली, तेव्हाही ती धमनी उघडी होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रुंट्झिग यांनी पहिल्या चार रुग्णांचे निकाल मांडले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. १९७८ पासून त्यांनी आणखी एक नवी गोष्ट केली. ते हॉलमध्ये जमलेल्या डॉक्टरांना टीव्हीच्या पडद्यावर थेट ऑपरेशन दाखवू लागले. आपल्या भाषेत लाइव्ह स्ट्रीम! यश मिळालं तर सगळ्यांसमोर, चूक झाली तरी सगळ्यांसमोर. १९८० मध्ये ते अमेरिकेत अटलांटाला, एमरी विद्यापीठात गेले. तिथे जगभरातून डॉक्टर शिकायला यायचे. त्यांत एक भारतीयही होते, डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल. त्यांनीच १९८६ मध्ये भारतात अँजिओप्लास्टी सुरू केली.

सहा महिन्यांनी परत या

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही व्हिडिओत सापडेल. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं.

समजा तुम्ही नवं ॲप बनवलंत, पहिल्याच दिवशी लोक खूश झाले. मग सहा महिन्यांनी किती जणांच्या फोनमध्ये ते बंद पडलं, हे स्वतःहून मोजायला जाल का? बरेच जण जाणार नाहीत. ग्रुंट्झिग यांनी नेमकं तेच केलं. पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब त्यांनी १९७९ मध्ये छापला. ५० पैकी ३२ जणांत यश आलं होतं. म्हणजे १८ जणांत नाही, आणि हेही त्यांनी लिहिलं. ज्यांना बरं वाटत होतं अशा लोकांनाही ते काही महिन्यांनी परत बोलवायचे आणि पुन्हा तपासायचे.

त्यातून एक अप्रिय सत्य समोर आलं. काही धमन्या परत अरुंद होत होत्या. फुग्याच्या त्या काळात साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांत, आणि तेही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. याला रिस्टेनोसिस म्हणतात. फुगा चुकला नव्हता, डॉक्टरचा हातही चुकला नव्हता. शरीराने आपलं काम केलं होतं.

म्हणजे नेमकं काय होतं?

आमच्या भागात रस्ता खणून केबल टाकली की काय होतं, ते तुम्ही तुमच्याही भागात पाहिलं असेल. काम होतं, खड्डा बुजवतात, वर डांबर ओततात. पण जागा पहिल्यासारखी सपाट होत नाही. तिथे एक उंचवटा राहतो, आणि प्रत्येक रिक्षात आपलं डोकं टपाला लागतं.

धमनीत असंच घडतं. फुगा फुगला की साचलेला थर चिरतो आणि दाबला जातो. पण त्याबरोबर धमनीचं आतलं नाजूक अस्तरही खरवडलं जातं. शरीराला अँजिओप्लास्टी वगैरे कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की इथे जखम झाली. मग ठरलेला कार्यक्रम सुरू होतो.

पहिले येतात प्लेटलेट्स. त्या जखमेला चिकटतात. मग पांढऱ्या पेशी येतात आणि रासायनिक संदेश सोडतात. हाच तो दाह, म्हणजे आतली सूज. ते संदेश वाचून धमनीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी वाढायला लागतात आणि आतल्या बाजूला सरकतात. गुडघा खरचटल्यावर खपली धरते आणि व्रण उरतो, तसाच व्रण इथेही तयार होतो. फरक एवढाच, की गुडघ्यावर जागा असते. तीन मिलिमीटरच्या धमनीत नसते. तिथे जखम भरून येणं हेच संकट ठरू शकतं.

माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. बाहेरचं छिद्र किती लहान यावर शरीराची प्रतिक्रिया ठरत नाही. आत किती जखम झाली यावर ती ठरते.

काकांच्या सुजेचं काय?

उरलेलं अर्धं उत्तर दुसऱ्या एका डॉक्टरकडे होतं. विल्यम ड्रेसलर हे ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेले हृदयतज्ज्ञ. फोर्समनला नोबेल मिळालं त्याच १९५६ साली त्यांनी एक निरीक्षण मांडलं. हार्ट अटॅकनंतर काही आठवड्यांनी काही रुग्णांना ताप येतो, छातीत टोचतं आणि हृदयाच्या आवरणाला सूज येते. पुढे लक्षात आलं, की हृदयाच्या ऑपरेशननंतरही असं होतं. आणि क्वचित कॅथेटरमधून केलेल्या उपचारांनंतरही होतं, म्हणजे अँजिओप्लास्टी, पेसमेकरची तार बसवणं किंवा ठोक्यांचा बिघाड सुधारण्यासाठी आतून चटका देणं.

कारण काय? हृदयाच्या पेशींना इजा झाली की त्यांच्या आतले घटक बाहेर पडतात. रोगप्रतिकारशक्ती ते बघते, आणि जणू अनोळखी नंबरवरून आलेला कॉल असावा तशी त्यांना परकं समजून ब्लॉक करायला धावते. ही तयारी व्हायला वेळ लागतो. म्हणून त्रास लगेच होत नाही, काही आठवड्यांनी होतो. काकांचं असंच झालं होतं.

यावर डॉक्टर सूज कमी करणारी औषधं देतात आणि बऱ्याचदा कोल्चिसिन हे जुनं औषधही देतात. या औषधाचं आपल्याशी नातं आहे, बरं का. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी तुम्ही ट्रेकला पाहिली असेल. त्या झाडातही कोल्चिसिन असतं. पण ते झाड जहाल विषारी आहे, त्याच्याशी घरी कसलाही प्रयोग नको. औषधाचा डोस फार मोजून द्यावा लागतो.

एक वाट अचानक संपली

परत ग्रुंट्झिग यांच्याकडे येऊ. रिस्टेनोसिसचं कोडं त्यांना सोडवायचं होतं. त्यांना विमान चालवायची आवड होती. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी, खराब हवामानात, ते स्वतः चालवत असलेलं छोटं विमान जॉर्जिया राज्यात कोसळलं. बरोबर दुसरी पत्नी मार्गारेट ॲन होती. दोघंही गेले. वय अवघं ४६. डॉटर त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. आणि हृदयाच्या धमन्यांचा एक्स-रे काढायची पद्धत शोधणारे मेसन सोन्स ऑगस्टमध्ये.

पाचच महिन्यांनी, मार्च १९८६ मध्ये, फ्रान्समध्ये जाक पुएल यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसवला. जवळजवळ त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये उलरिश सिगवार्ट यांनीही. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. फुगा काढला तरी ती आत राहते आणि भिंतीला टेकू देते. ग्रुंट्झिग यांना हे बघायला मिळालं नाही.

जाळीने फायदा झाला, पण कोडं पूर्ण सुटलं नाही. १९९४ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले. एकात नुसत्या फुग्याने ३२ टक्के धमन्या परत अरुंद झाल्या होत्या, स्टेंटने २२ टक्के. दुसऱ्यात ४२ विरुद्ध ३२. भिंत आत कोसळायची थांबली, पण व्रण वाढायचा थांबला नाही. उलट, जाळी ही कायमची परकी वस्तू. ती दिसली की पांढऱ्या पेशी जमणारच.

घरच्या फ्रीजरमधलं औषध

उत्तर आलं अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. १९६४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरची माती गोळा करून आणली होती. त्या मातीतल्या जिवाणूपासून एक पदार्थ वेगळा केला गेला. हे काम केलं सुरेंद्रनाथ सहगल यांनी, फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून पदार्थाचं नाव रापामायसिन. १९८० च्या दशकात कंपनीने ती लॅब बंद केली, तेव्हा सहगल यांनी जिवाणूचा नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. झुरिकमध्ये स्वयंपाकघरातलं टेबल, इथे घरचा फ्रीजर!

हे औषध पेशींची वाढ रोखतं आणि रोगप्रतिकारशक्तीला शांत करतं. १९९९ मध्ये ते मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मंजूर झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात, एदुआर्दो सौझा यांनी या औषधाचा लेप असलेला स्टेंट पहिल्यांदा माणसात बसवला. स्टेंटमधून औषध हळूहळू झिरपतं आणि फक्त तिथल्याच पेशींना थोपवतं. २००२ मध्ये २३८ रुग्णांचा अभ्यास छापून आला. साधा स्टेंट घेतलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के धमन्या सहा महिन्यांत परत अरुंद झाल्या होत्या. औषधी स्टेंटच्या गटात एकही नाही. पुढे खऱ्या जगात शून्य काही टिकलं नाही, पण फरक मोठाच राहिला.

आज असे स्टेंट आपल्या शेजारीच बनतात. मीरा रोड स्टेशनवरून धडधडत जाणाऱ्या गुजरातच्या गाड्या ज्या वापी आणि सुरतला थांबतात, तिथे. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा साध्या स्टेंटची ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटची २९,६०० रुपये.

मग गोळ्या का चुकवायच्या नाहीत?

आता सगळ्यात कामाचं. औषधी स्टेंट व्रण वाढू देत नाही, पण त्यामुळे आतलं अस्तर भरून यायलाही उशीर होतो. जाळी तोपर्यंत उघडी राहते. उघड्या धातूवर प्लेटलेट्स चिकटल्या की गुठळी होते, आणि स्टेंट क्षणात बंद पडू शकतो. सुरुवातीच्या काही स्टेंटमध्ये औषध धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या लेपामुळेही सूज आलेली आढळली होती. म्हणून पुढे जाळ्या पातळ झाल्या आणि लेप सुधारले.

अस्तर भरून येईपर्यंत पहारा देतात त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या. बहुतेकांना त्या ६ ते १२ महिने एकत्र घ्याव्या लागतात, नंतर बऱ्याचदा एक कायम. नेमका काळ तुमचे डॉक्टर ठरवतात. काकांनी मनाने त्या बंद केल्या असत्या तर काय झालं असतं, हे हे सगळं वाचल्यावर मला कळलं आणि घाम फुटला.

घरात स्टेंटचा रुग्ण असेल तर एवढं करा:

दोन गोळ्यांच्या वेळेचा फोनवर अलार्म लावा आणि संपायच्या आठवडाभर आधी नव्या आणा. दात काढायचा असो की दुसरं छोटं ऑपरेशन, गोळ्या थांबवायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

छातीत दुखलं तर आडवं झाल्यावर वाढतं की नाही असे अंदाज घरी लावत बसू नका. ते काम ईसीजीचं आहे. लगेच हॉस्पिटल गाठा किंवा १०८ ला फोन करा. सूज निघाली तर चांगलंच, पण गुठळी असेल तर मिनिटं मोजली जातात.

दुखतंय म्हणून घरात पडलेली पेनकिलर देऊ नका. हृदयाच्या रुग्णाला त्यातल्या काही गोळ्या घातक ठरू शकतात.

थंडी वाजून ताप, छिद्राची जागा लाल होणं किंवा पू येणं हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. ती वेगळी गोष्ट आहे, उपचारही वेगळे. तेव्हाही डॉक्टरच.

डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड आणि जुने ईसीजी यांचे फोटो काढून घरातल्या किमान दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

आणि पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नका. बरं वाटत असलं तरी.

शेवटी

काका आता बरे आहेत. सूज उतरली, सीआरपी खाली आला. सकाळी जॉगर्सच्या घोळक्यात हळूहळू एक फेरी मारतात. गोळ्यांचा अलार्म माझ्याही फोनमध्ये वाजतो. मी कॉलेजात असलो तर काकूंना मिस्ड कॉल देतो.

ग्रुंट्झिग यांचं नाव फुग्यासाठी घेतलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण मला ते आठवतील वेगळ्या कारणाने. टाळ्या वाजून गेल्यावरही त्यांनी रुग्णांना परत बोलावलं, आणि जे दिसलं ते लपवलं नाही. धमन्या परत बंद होतात हे त्यांनी उघड सांगितलं, म्हणून पुढच्यांना नेमकं काय सोडवायचं ते कळलं. काकांच्या छातीतल्या त्या जाळीत त्यांच्या फुग्याइतकाच त्या प्रामाणिक हिशेबाचाही वाटा आहे.

आपल्यासाठी अर्थ साधा आहे. डिस्चार्ज मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. बाहेरचं छिद्र आठवड्यात भरतं, आतल्या जखमेला महिने लागतात. तेवढे महिने घरातल्या कुणीतरी लक्ष ठेवायचं असतं. आणि घरात सगळ्यात चांगला फोन ज्याच्याकडे आहे, त्याने ते काम घ्यायला काय हरकत आहे?